लोक : नोंद बाकी

५ जानेवारी, सोमवार

नवी वही, नवं पेन, नवा मी.

शब्दकोशाचा शेवटचा खंड, ल ते ज्ञ, एकतीस मार्चला प्रेसमध्ये जाणार. आज मीटिंगमध्ये मोठ्या बाईंनी सांगितलं की सगळ्या नोंदी हातात आल्या आहेत, एकच बाकी आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आदरानेच पाहिलं असावं. (मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्य संपादक. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मोठी आहे ती खुर्ची.)

बाकी नोंद 'लोक' या शब्दाची. देशातल्या सगळ्या माणसांना मिळून जे म्हणतात ते. उगम, अर्थ आणि वापर एवढंच लिहायचं. एवढंच म्हणायला काय जातं! म्हणूनच ती माझ्याकडे आहे.

प्लॅन: पंधरा दिवसांत नोंद पूर्ण. उरलेले दोन महिने इतरांच्या नोंदी तपासून देणे.

६ जानेवारी

टेबल आवरलं. आवरल्याशिवाय विचार सुचत नाहीत.

७ जानेवारी

टेबलाचे खण आवरले.

८ जानेवारी, गुरुवार

ऑफिसात कुजबुज आहे की मी ही नोंद सव्वीस वर्षं टाळतोय. तेव्हा खरं काय ते लिहून ठेवतो.

सव्वीस वर्षांपूर्वी 'जनता' शब्द माझ्याकडे आला. तेव्हा नवीन लग्न झालं होतं, वेळ नव्हता. लिहिलं, 'पहा: नागरिक'. पुढच्या खंडात 'नागरिक' आला. नागरिक म्हणजे मुळात नगरात राहणारा. मग खेड्यातल्याने कुठे जायचं? अन्याय नको म्हणून लिहिलं, 'पहा: प्रजा'. 'प्रजा'चा मूळ अर्थ लेकरं. राजाची लेकरं. पण आता राजे कुठे राहिले? 'पहा: रयत'. 'रयत' अरबीतून आलेला, मूळ अर्थ राखणीतला कळप. माणसांना कळप म्हणणं माझ्या जिवावर आलं. 'पहा: लोक'.

याला कोणी टाळाटाळ म्हणो. मी नोंद पिकत घातली होती.

११ जानेवारी, रविवार

बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वय शहाऐंशी. आमच्या कोशाचा पहिला खंड बाबांनीच हाताने जुळवला होता, शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून. पुढे रिटायर झाले तरी प्रत्येक खंडाची प्रुफं घरी मागवून भिंगातून वाचतात. कोणी सांगितलेलं नाही. सवय.

डॉक्टर म्हणाले की पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, औषध नाही, बारीक अक्षर फार तर उन्हाळ्यापर्यंत दिसेल. डॉक्टर लोक वाढवून सांगतात.

परत येताना बाबा बसमध्ये खिडकीबाहेर बघत होते. स्टॉप आल्यावर विचारलं, तुझा 'लोक' कधी येतोय. मी म्हणालो, मार्चअखेर. ते म्हणाले, मग जमेल. तुझ्या हातची एक तरी पूर्ण नोंद वाचू दे, आजवर नुसतं 'पहा पहा' वाचत आलोय.

उद्यापासून कामाला जुंपून घेणार.

१२ जानेवारी

सर्दी.

१९ जानेवारी, सोमवार

पंधरा दिवस झाले. नोंद झाली नाही, पण पाया भक्कम झालाय. संस्कृतात 'लोक'चं मूळ काय यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, मूळ अर्थ मोकळी जागा. दुसरं म्हणतं, पाहणे. या दुसऱ्या मताने मला फार बरं वाटलं. म्हणजे सव्वीस वर्षं 'पहा' लिहीत होतो ते काही उगाच नव्हतं.

हे 'नवी'ला सांगितलं. ती आमची असिस्टंट. येऊन तीन वर्षं झाली, तरी मी नवीच म्हणतो. तिने विचारलं की मग यातलं कुठलं मत लिहायचं. अशी उतावीळ. दोन्ही मतांचा आधी निकाल लावावा लागतो. चाळीस पानं झाली तरी हरकत नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

चाळीस पानं झाली. मोठ्या बाईंनी आठवण करून दिली की नोंद पन्नास शब्दांची हवी. मी हसून सोडून दिलं.

५ फेब्रुवारी

एका निवृत्त शिक्षकांचं ऑफिसला पत्र आलंय. त्यांनी शाळेत असताना 'जनता'चा अर्थ काढायला आपला कोश उघडला. तिथून 'नागरिक', मग 'प्रजा', मग 'रयत' असे खंड निघतील तसे ते फिरत राहिले. ज्या मुलाने अर्थ विचारला होता त्याची मुलं आता त्याच शाळेत आहेत. शेवटचा खंड निघणार असेल तर कळवावं, तब्येत बरी नसते, असं लिहिलंय.

मोठ्या बाईंनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. वाचकाची अशी निष्ठा विरळा. फ्रेम करून घ्यावी म्हणतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दात घासताना युक्ती सुचली. 'स' हे अक्षर 'ल'नंतर येतं! 'लोक: पहा: समाज' असं लिहिलं की 'स'ची पानं लागेपर्यंत महिनाभर तरी मोकळा. आपणच आपली पाठ थोपटावी अशी युक्ती.

दुपारी: 'समाज' नवीने डिसेंबरातच करून टाकलाय. त्यात तिने लिहिलंय, 'पहा: लोक'. म्हणाली, सर, मला वाटलं तुमची नोंद मोठी असणार. हे शिष्याने गुरूच्या पायात पाय घालणं झालं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्याकडे नियम आहे. शब्द रोजच्या वापरातला असेल तर जिवंत तोंडून ऐकलेली तीन वाक्यं लागतात. प्रत्येक वाक्याची वेगळी चिठ्ठी. वाक्य विचारून घ्यायचं नाही, माणूस सहज बोलताना कानावर पडलं पाहिजे. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. बाई की पुरुष, वय, काम, बस्स. एक चिठ्ठी नोंदीत छापतात.

इतरांच्या चिठ्ठ्या आजवर पुष्कळ तपासल्या. स्वतः गोळा करायची वेळ आली नव्हती. उद्या रजा टाकून शहरात फिरणार. दुपारपर्यंत तीन होतील.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सलूनमध्ये कारागीर म्हणाला, लोकांना धीर म्हणून नसतो. असं म्हणून अर्धी हजामत झालेल्या गिऱ्हाईकाला तसंच ठेवून चहाला गेला. लायसन्सच्या ऑफिसात रांगेत एक गृहस्थ माझ्या पुढे घुसले आणि मागे वळून मलाच म्हणाले की लोक रांग पाळत नाहीत. दवाखान्याबाहेर एक बाई फोनवर तासभर मोठमोठ्याने सांगत होती की लोक फार मोठ्याने बोलतात.

गंमत आहे. 'लोक' म्हणजे सगळेच, पण बोलणारा स्वतःला वगळतो. इतकी साधी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही!

वाक्यं मात्र फार कच्ची. कोशाला शोभणारी नाहीत. थोडा हात फिरवला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. माझी पहिली चिठ्ठी मोठ्याने वाचली: 'सांप्रत लोकांच्या ठायी धैर्याचा अभाव दृष्टोत्पत्तीस येतो. पुरुष, वय ४०, केस कापणे.' मग म्हणाल्या की या सलूनचा पत्ता द्या, आमच्या यजमानांना पाठवते, कान तयार होतील.

तिन्ही चिठ्ठ्या बाद. हात दाखवून अवलक्षण झालं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या तपासताना त्यातली वाक्यं मीच नीटनेटकी करत आलोय, हे बाईंना सांगणार होतो. वेळ बरी दिसली नाही.

१ मार्च, रविवार

बाबा हल्ली पेपर तिरका धरतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचतात. अक्षराकडे सरळ पाहिलं की नेमकं तेच पुसलं जातं म्हणाले. नवं, मोठं भिंग आणून दिलं. त्यांनी विचारलं, कुठवर आलास. मी म्हणालो, बोलीचा भाग चालू आहे. ही आतून म्हणाली की गच्चीची गळती आणि तुमचा 'लोक' एकाच वयाचे आहेत.

बायकोला शास्त्र कळत नाही असं नाही. पण वेळ चुकते तिची.

९ मार्च

पहाटे पाचला उठून लिहायचं ठरवलं.

१० मार्च

सातला उठलो.

१२ मार्च

उठण्याशी लिहिण्याचा संबंध नाही, असं लक्षात आलं.

१६ मार्च, सोमवार

चाळीस पानं पन्नास शब्दांत आणायला बसलो. पहिलं वाक्य काढलं तर दुसरं अधांतरी. दुसरं काढलं तर पहिल्याला अर्थ नाही. संध्याकाळी कागदावर उरलं एवढंच: 'लोक म्हणजे'. 

दहा मिनिटं त्याकडे बघत बसलो. भीती वाटली. चहा घेतल्यावर गेली.

२२ मार्च, रविवार

बाबांनी जेवताना विचारलं. मी म्हणालो, झाली.

तोंडातून निघून गेलं. आता खोटं कसं म्हणायचं? नऊ दिवस हातात आहेत, म्हणजे झाल्यातच जमा. पण ते म्हणाले, मग प्रूफ आण. मी सांगितलं की आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, प्रूफ घरी देत नाहीत. त्यांनी विचारलं की कॉम्प्युटरला प्रिंटर नसतो का. ज्या माणसाचा जन्म प्रेसमध्ये गेला त्याच्याशी असलं बोलू नये.

जेवण झाल्यावर त्यांनी भिंग साबणाने धुतलं, पंच्याने पुसलं आणि उशाशी ठेवलं.

२३ मार्च

बाबा झोपल्यावर घरी यायचं ठरवलंय. ते आठला झोपतात. तेवढाच कामाला वेळ मिळतो.

२६ मार्च, गुरुवार

सलग चौथा दिवस साडेसातपर्यंत ऑफिसात. सगळे साडेपाचला जातात. किल्ल्या नवीकडे असतात म्हणून तिला थांबावं लागतं. आज तिने विचारलं की सर, घरी काही अडचण आहे का. मी तिला कामाची जबाबदारी म्हणजे काय, ते दोन शब्दांत नीट समजावलं. ऐकता ऐकता तिने कागद ओढून काहीतरी लिहून घेतलं. मुलगी शिकायच्या वृत्तीची आहे, वाटली तेवढी वाईट नाही.

मग कोपऱ्यातल्या कुंडीला पाणी घालून लाइट बंद केले.

३१ मार्च, मंगळवार

आज शेवटची तारीख. सकाळी कोरा कागद समोर घेतला, दुपारी बदलला, चारला पुन्हा बदलला.

पाचला मोठ्या बाईंकडे जाऊन स्पष्ट सांगितलं की अशा शब्दाला घाई चालत नाही, अजून महिना लागेल. भांडणाची पूर्ण तयारी होती. त्या रागावल्या नाहीत. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, आता तुम्ही 'लोक'ची काळजी करू नका, घरी जा, वडिलांपाशी बसा. मुदतवाढच ही! शेवटी त्यांना कामाचं वजन कळलं.

तरी दारापर्यंत आल्यावर थांबलो. बाईंना बाबांचं कोणी सांगितलं?

९ एप्रिल, गुरुवार

माझं टेबल खिडकीपाशी हलवलं. शिपायाने सांगितलं की तिकडे उजेड चांगला आहे. ज्येष्ठतेचा मान. इतरांना बाइंडिंगच्या नमुन्यांसाठी मोकळी जागा हवी होती म्हणे, तेही साधलं.

२८ एप्रिल

भिंग उशाशी नाही. खणात ठेवलंय. ही रोज सकाळी बाबांना पेपरचे मथळे वाचून दाखवते. मी म्हणालो की अजून उन्हाळा संपलेला नाही. हिने पुढचा मथळा वाचला.

११ मे, सोमवार

एकशे बारा पानं. मध्येच लक्षात आलं की मोकळ्या जागेच्या मताकडे मी जरा दुर्लक्ष केलं. पुन्हा पहिल्यापासून. ऑफिसात आता कोणी विचारत नाही. एकाग्रतेला हे फार चांगलं.

एक विचार सुचला तो टिपून ठेवतो. प्रजा म्हणतो तो राजा. रयत म्हणतो तो शेतसारा वसूल करणारा. जनता म्हणतो तो व्यासपीठावरचा. नागरिक म्हणतो तो छापील अर्ज. हे सगळे शब्द कोणीतरी वरून खाली बघत ठेवलेले. मी सव्वीस वर्षं कोणत्या खुर्चीवर बसून बघत होतो? 

खोडावं का? नको, राहू दे. पण नोंदीत घालण्यासारखं नाही.

३० मे, शनिवार

बाबा आज चहाचा कप चाचपडत शोधत होते. मी पुढे सरकवला. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, कोण? मग म्हणाले, तू होय.

काम नाही झालं आज.

१५ जून, सोमवार

अकरा वाजता टेम्पो आला. शेवटचा खंड! निळी बांधणी, सोनेरी अक्षरं. टाळ्या, सामोसे नव्हे पण बिस्किटं आणि चहा, मोठ्या बाईंचं दोन मिनिटांचं भाषण. मी शेजारच्याला विचारलं की 'लोक' शिवाय छापला कसा. तो बशीतल्या बिस्किटाकडे बघू लागला.

संपादक मंडळात माझं नाव आहे. सहाव्या ओळीत. शिपायाच्या आधी.

मग 'लोक' काढला. पान चौदा. नोंद आहे. खाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरं नवीची. एकतीस मार्चच्या दुपारी तिने लिहून दिली, पाऊण तासात. बाईंनी नंतर सांगितलं की मला त्या दिवशीच कळलं असेल असं त्यांना वाटलं होतं.

उतरवून ठेवतो:

'लोक (पुल्लिंग, अनेकवचन). संस्कृत, मूळ अर्थ मोकळी जागा, दुसऱ्या मते पाहणे, पुढे जग, मग जगातली माणसं. एखाद्या देशातली सगळी माणसं मिळून. जनता, नागरिक, प्रजा, रयत. बोलणारा बहुधा स्वतःला यांत धरत नाही. तरी तो यांत असतो.'

दोन्ही मतं एका ओळीत. कुठेच 'पहा' नाही. माझ्या एकशे बारा पानांत हे शेवटचं वाक्य शोधलं. नाही.

पुढे उदाहरण. बोलीची चिठ्ठी, ऐकीव, नियमात बसणारी:

'लोक संध्याकाळ झाली की घरी जातात. मला घरी जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.' (पुरुष, वय ५७, कारकुनी.)

तीनदा वाचलं. सव्वीस मार्चला मी जबाबदारीबद्दल बोललो होतो, अशी माझी पक्की समजूत होती. ही वही उघडून पाहिलं, तसंच लिहिलंय. पण वाक्य माझंच आहे. वाचल्याबरोबर ओळखलं.

कारकुनी! निदान संपादन लिहायचं. नवीच्या टेबलापाशी जाब विचारायला गेलो. ती उभी राहिली, तिचे डोळे भरले होते, म्हणाली, सर, चुकलं का. मी म्हणालो की नोंद बरी आहे.

साडेपाचला सगळ्यांबरोबर निघालो.

१६ जून, मंगळवार

खंड काल बाबांच्या हातात दिला. त्यांनी कणा चाचपला, पान बोटांत धरून जाडी पाहिली, शाईचा वास घेतला. बांधणी चांगली आहे म्हणाले. मग पुस्तक माझ्याकडे परत दिलं. 'लोक' वाच.

ही नोंद माझी नाही, हे आधी सांगायचं असं बसमध्ये ठरवलं होतं. वाचायला लागलो. बाबा डोळे मिटून ऐकत होते. 'तरी तो यांत असतो' वर मान हलवली आणि म्हणाले, छान झालीय, आणि लहान. मार्चमध्ये झाली म्हणालास तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं.

ठरवलेलं राहूनच गेलं. ही दारात उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं.

पुस्तक मिटत होतो तर म्हणाले, उदाहरण? ज्याने कोश स्वतः जुळवला त्याच्यापासून उदाहरण कसं लपवणार. वाचलं. कंसातलं वाचलं नाही.

बाबांनी डोळे उघडले. मग त्यांनी विचारलं, कोणाचं आहे हे. मी म्हणालो की चिठ्ठीवर नाव घालत नाहीत. ते म्हणाले, ते माहीत आहे मला. हात पुढे करून त्यांनी माझा गुडघा शोधला, त्यावर दोनदा थोपटलं आणि म्हणाले, ज्याचं असेल त्याला सांग, घरी येत जा. कोणी काही विचारणार नाही.

सांगतो म्हणालो.